डोणीतल्या बाळंतिणी

"खा, भवानी, खा. सोताचीच हायेत, तुला कोन इचारतंय."

रंभाबाई दगडी डोणीवर वाकून एका मासळीला बोलत होती. मासळी बोटाच्या दोन पेरांएवढी, मातकट रंगाची, पोट अजून अर्धं फुगलेलं. ती पिल्लं टाकत होती आणि टाकता टाकताच मागं वळून त्यातलं एखादं गिळत होती. पिल्लू म्हणजे तरी काय, दोन डोळे आणि त्यांना चिकटलेला शेपटीचा धागा. रंभाबाईनं पाण्यात हात घालून तिला हुसकलं. ती शेवाळात शिरली आणि दुसऱ्या अंगानं बाहेर येऊन पुन्हा आपल्या कामाला लागली.

"अवदसा," असं म्हणून रंभाबाईनं तिला ओंजळीत धरलं आणि शेजारच्या घंगाळात टाकलं. मग उरलेल्या पिल्लांवर ओढ्यातल्या गवताची जुडी पसरली, म्हणजे त्यांना लपायला जागा होईल. रंभाबाईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा. माणसं तिच्याशी बोलत नसत, म्हणून तो माशांवर चालायचा.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची, मुळशीच्या धरणाकाठच्या कातरवाडीची. वाडी पूर्वी खाली खोऱ्यात होती. धरणाचं पाणी चढलं तशी ती डोंगराच्या अंगाला सरकली आणि तिथंच राहिली. तिथं रंभाबाईचं घर होतं. म्हणजे अर्धं घर. मध्ये कुडाची भिंत घालून त्याची वाटणी झाली होती. अलीकडं रंभाबाई एकटी, पलीकडं तिचा धाकटा दीर हैबतराव, जाऊ चंद्राबाई, त्यांचा मुलगा जयसिंग आणि त्याची बायको लीला. अंगण सामाईक आणि अंगणातला आडही सामाईक. रंभाबाईच्या बाजूला जी बैलांना पाणी पाजायची डोण होती ती तेवढी तिची. बैल नवऱ्याच्या मागोमाग गेले, डोण राहिली.

रंभाबाईला दोन मुलगे आणि एक मुलगी झाली होती. पाऊस सरून भातं निसवायला लागली की वाडीत हिवताप यायचा. पोरांची पोटं टणक व्हायची, डोळे पिवळे पडायचे, दुपारची हुडहुडी भरायची. तिची तिन्ही पोरं तीन निरनिराळ्या सालांत अशीच गेली. वाडीत इतरांचीही जात, पण त्यांच्या घरात एखाददुसरं तरी उरत असे. रंभाबाईकडं एकही उरलं नाही, तेव्हा वाडीनं निकाल देऊन टाकला की रंभीनं पोरं खाल्ली. तेव्हापासून तिला कुणी बारशाला बोलावत नसे, पाचवीच्या पूजेला उंबऱ्यात येऊ देत नसे, आणि गरवार बाई दिसली की रंभाबाईच बाजूच्या बोळानं निघून जात असे. निघून जाताना चार शिव्या मात्र घालायची. गरीब गाय होऊन सोसण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

मासे आले ते पौडाच्या मलेरियावाल्यांकडून. ही माणसं खाकी चड्डी घालून, पाठीवर पंप लावून यायची, भिंतींवर पावडर मारायची आणि दाराशेजारी तारीख लिहून जायची. वाडीला त्यांचा राग होता. पावडरीनं ढेकूण वाढतात, असं बायका म्हणत आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्यातला नथू नावाचा एक माणूस एके दिवशी पंपाऐवजी पत्र्याचा डबा घेऊन आला. चावडीपुढं त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि सांगितलं की हे गप्पी मासे आहेत, अमेरिकेच्या खालच्या अंगाला जो मुलूख आहे तिथल्या ओढ्यांतले. हे विहिरीत आणि आडात सोडायचे. डासांची अंडी फुटून पाण्यात जे किडे वळवळतात ते हे मासे खातात, आणि किडे गेले की हिवताप गेला.

हैबतराव तेव्हा चावडीवरच बसला होता. त्यानं डब्यात वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"धरणवाले आले तवा बी असंच ग्वाड बोलत हुते," तो म्हणाला. "पाणी यील, दिवं येतील. दिवं गेलं ममईला आन् पाणी आलं घरात. आता तुमी आमच्या प्यायच्या पाण्यात मासं सोडनार. आमच्या घरात माळ हाय, ठावं हाय का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नथूनं बरंच समजावलं, साहेबाचं नाव घेतलं, तसे तर सगळेच भडकले. त्याला निदान मासे वाढवायला एखादी जागा हवी होती, म्हणजे आजूबाजूच्या गावांना तिथून नेता आले असते. ती जागाही कुणी देईना. तो डबा उचलून निघाला आणि हैबतरावाच्या अंगणावरून जाताना रंभाबाईनं त्याला हटकलं.

तिनं त्याला एकच गोष्ट पुन्हा विचारून घेतली. आडात किडे होतात, किड्यांचे डास होतात आणि डासानं ताप येतो, असंच ना? नथू हो म्हणाला. मग तिनं विचारलं, हे कधीपासून ठाऊक आहे? नथू म्हणाला, साहेबलोकांना फार वर्षांपासून ठाऊक आहे.

"आन् मला आज सांगतोस, मुडद्या?"

नथू घाबरून दोन पावलं मागं सरला. आपण काय गुन्हा केला ते त्याला कळेना. रंभाबाईनं त्याला यथेच्छ झोडपलं, त्याच्या साहेबाला झोडपलं, आणि मग डोणीकडं बोट दाखवून म्हणाली की ओत त्यात.

पहिल्या आठवड्यातच तिला माशांचा वीट आला. एक तर नर निम्मे. रंगीत शेपट्या मिरवत दिवसभर माद्यांच्या मागं हिंडणार, दुसरं काम नाही. माद्या अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लं टाकतात, हे बघून तिला आधी कौतुक वाटलं होतं. पण मग त्याच माद्या आपली पिल्लं गिळताना तिनं बघितल्या. ती डोण उपडी करायच्या बेतात होती. नेमकी त्याच वेळी चंद्राबाई आडावर पाणी ओढायला आली होती. तिनंही ते बघितलं. पोहरा तसाच आडाच्या काठावर ठेवून ती म्हणाली, "सोताची पोरं खाल्ली, आता मासं बी तसलंच पाळलंय."

चंद्राबाई कळशी घेऊन घरात गेली. मग रंभाबाईनं डोण उपडी करायचा विचार सोडला आणि भर दुपारी ओढ्यावर जाऊन पाण्यातलं गवत उपटून आणलं.

त्या दिवसापासून ती माशांची सुईण झाली. मादीच्या पोटाखाली एक डाग असतो, दिवस भरत आले की तो काळा होत जातो, हे तिच्या ध्यानात आलं. अशी मादी दिसली की ती तिला उचलून घंगाळात टाकायची. घंगाळात गवत असायचं. पिल्लं झाली की आईला लगेच उचलून डोणीत परत. पिल्लं मोठी होईपर्यंत घंगाळातच. एखादीनं तिला न कळत डोणीतच पिल्लं टाकली तर मग सकाळीच सगळ्या वाडीला शिव्या ऐकू जायच्या. नथू महिन्या-दोन महिन्यांनी येऊन डबा भरून मासे न्यायचा आणि म्हणायचा की पौडाच्या टाकीतसुद्धा एवढी पिल्लं जगत नाहीत. रंभाबाई त्याला म्हणायची, न्यायचे तर ने आणि तोंड मिट.

बाहेरगावच्या विहिरींशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला एकच हवं होतं, आणि ते तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होतं. अंगणातला आड. कारण लीलाला दिवस गेले होते.

लीलाची पहिली खेप रीतीप्रमाणे माहेरी झाली होती. तिथं तिला हिव भरलं आणि पोर पोटातच गेलं. म्हणून या खेपेला चंद्राबाईनं तिला पाठवलंच नाही, बाळंतपण इथंच करायचं ठरलं. भाद्रपदाअखेर दिवस भरत होते. म्हणजे नेमकी तापाची वेळ. रंभाबाई डोणीशी बसली की तिला लीला ओट्यावर तांदूळ निवडताना दिसायची आणि आडातून वर येणाऱ्या डासांचा थवा दिसायचा. हे पोर जगलं तर आपण जिंकलो, असंही तिला वाटायचं. ते वाटणं काही फार सोज्वळ नव्हतं. वाडीनं इतकी वर्षं तिच्या कपाळी जे मारलं होतं ते तिला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचं होतं.

ती चंद्राबाईकडं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं हळू आवाजात काही मागितलं. ओंजळभर मासे आडात सोडू दे, एवढंच.

"तुजा हात आमच्या पाण्याला लागायचा न्हाई," चंद्राबाई म्हणाली.

"आड माजा बी हाय, चंद्रे."

"मग तुजी पोरं आन आन् पाज त्यास्नी."

श्रावणात सगळी वाडी भाताच्या बेणणीला, तण काढायला, शेतात गेली होती. पाऊस उघडला होता. रंभाबाईनं घंगाळातले मासे एका गाडग्यात घेतले आणि ती आडाशी आली. ओट्यावर लीला बसली होती. जड झाल्यामुळं तिला घरी ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. रंभाबाईनं गाडगं दोरीला बांधून आत सोडलं, पाण्याला टेकवलं, कलतं केलं. मासे आपणहून बाहेर पडले.

"थोरल्या आत्याबाई," लीला म्हणाली. "त्यानं खरंच ताप न्हाई येत?"

"मला काय ठावं. त्यो नथू मुडदा सांगतोय तसं."

लीला उठून आत गेली, आणि संध्याकाळी माणसं शेतातून आली तेव्हा तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

आड खोल आणि अंधारा. पोहरा आपटला की मासे खाली जात, म्हणून ते कुणाच्या नजरेला पडले नाहीत. पण पाण्यावर वळवळणारे किडे हळूहळू दिसेनासे झाले. भाद्रपदात वाडीत घरोघर हुडहुडी सुरू झाली. हैबतरावाच्या घरात कुणाचं अंगसुद्धा तापलं नाही. चंद्राबाईनं सटवाईला केलेल्या नवसाचा तो गुण मानला. लीलाला मुलगा झाला, चांगला हातभर, खणखणीत आवाजाचा. पाचवीला वाडीतल्या बायका जमल्या, सटवाईची पूजा झाली, आणि रंभाबाई कुडाच्या अलीकडं भिंतीला पाठ लावून बसून राहिली. पोर रडलं की ती मनातल्या मनात चंद्राबाईला शिव्या द्यायची, अगं, पाजायला दे ना त्याला, वाटोळं होईल तुझं. तिला फार बरं वाटत होतं.

सव्वा महिना झाला की बाळंतीण पोराला घेऊन पाणी पुजायला आडावर येते. हळदीकुंकू वाहते, खणानारळानं पाण्याची ओटी भरते, आणि मग घरातल्या पाण्याला हात लावायची तिला मोकळीक होते. त्याच्या आदल्या दिवशी चंद्राबाई आडाचा काठ सारवत होती. सारवणाला पाणी हवं म्हणून तिनं पोहरा सोडला आणि तो वर आला तेव्हा त्यात एक गप्पी मासा होता.

पुढं जो गोंधळ झाला तो सगळ्या वाडीनं ऐकला. मासा कुणी सोडला हे विचारायची गरज नव्हती. रंभाबाईनंही नाही म्हटलं नाही. उलट तिनं सांगितलं की श्रावणापासून आहेत, तेच पाणी पिताय सगळे, म्हणून जिवंत आहात. चंद्राबाई कपाळ बडवून घ्यायला लागली. तिच्या गळ्यात माळ होती, घरात ओली बाळंतीण होती, आणि पोरं खाल्लेल्या बाईच्या हातचं पाणी दोन-अडीच महिने सगळ्यांच्या पोटात गेलं होतं. हैबतरावानं सायकल घेतली आणि तो भट्टीवरून कळीच्या चुन्याची पाटी घेऊन आला. पाणी बिघडलं की त्यात चुना टाकायचा, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत होती.

रंभाबाई आडवी गेली. चुन्यानं मासे मरतील, पुन्हा किडे होतील, निदान मला मासे काढून घेऊ द्या, असं ती म्हणत होती. जयसिंगानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. पाटी आडात पालथी झाली. पाणी खदखदलं, वाफ वर आली, आणि चंद्राबाईला जरा हायसं वाटलं.

सकाळी बायका जमल्या. लीला नवं लुगडं नेसून, पोराला कुशीत घेऊन बाहेर आली. चंद्राबाईच्या हातात ताट होतं. तिनं आडात डोकावून बघितलं आणि ताट तसंच खाली ठेवलं.

आडातलं पाणी ताकासारखं झालं होतं आणि त्याच्यावर मेलेले मासे तरंगत होते. पोटं वर करून, कडेकडेनं दाटलेले, मोठे आणि मधले आणि अगदी बारके. श्रावणात सोडलेल्या ओंजळभर माशांचे किती झाले होते ते तेव्हा कळलं.

"बघा," चंद्राबाई म्हणाली. "लेकुरवाळी पाणी पुजाया आली आन् पाण्यात मढी पसरल्यात."

बायका मागं सरल्या. कुणीतरी करणी म्हटलं आणि मग सगळ्याच म्हणाल्या. चुन्याची पाटी तिथंच आडाशेजारी उपडी पडलेली होती. तिच्याकडं एकीचंही लक्ष गेलं नाही, कारण चुना पाणी शुद्ध करण्यासाठी असतो, हे त्यांना ठाऊक होतं. शुद्ध केलेल्या पाण्यात रातोरात मरण आलं तर ते कुणीतरी आणल्याशिवाय कसं येईल?

रंभाबाई आपल्या दारात उभी होती. "काल चुना वतला, आज मासं मेलं," ती म्हणाली. "आंधळ्या झालासा का समद्या?"

"चुन्यानं पाणी सुद हुतंय," हैबतराव म्हणाला. "त्यानं कुनी मरत न्हाई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा लीला बोलली. सुनेनं सासऱ्यासमोर, चार बायांत, डोक्यावरचा पदरही नीट न करता.

"मामंजी, चुना तुमी टाकलासा. त्यानंच मेल्यात. आन् मासं सोडलं तवा मी हितंच हुते. थोरल्या आत्याबाईंनी घरासाठी सोडलं. त्यानंच आपल्यात ताप न्हाई आला."

रंभाबाईनं दाराची चौकट धरली. इतकी वर्षं हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला ती जीव धरून राहिली होती, आणि ते असं उजेडी, सगळ्यांच्या पुढ्यात बोललं गेलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं आता जाऊन त्या पोरीला छातीशी धरावं.

पण ती बायकांकडंही बघत होती. चंद्राबाई लीलाकडं वळली होती. "म्हंजी तुला ठावं हुतं," ती अगदी सावकाश म्हणाली. "आन् पोटुशी असून तू गप ऱ्हायलीस. पयलं पोर बी असंच ग्येलं का गं तुजं?"

लीलाच्या शेजारची बाई एक पाऊल बाजूला झाली. मग दुसरी झाली. हैबतरावाची बहीण गोजराबाई बारशापासून इथंच राहिली होती. तिनं पुढं होऊन लीलाच्या कुशीतलं पोर ओढून घेतलं आणि आपल्या पदराखाली झाकलं. लीलाचे हात तसेच रिकामे पुढं राहिले.

रंभाबाईला हे सगळं पाठ होतं. आधी बायका पाऊलभर सरकतात. मग पोराला दृष्ट लागू नये म्हणून दुसरीच्या मांडीवर देतात. मग बारशाला बोलवत नाहीत. हे एकदा सुरू झालं की बाई मरेपर्यंत थांबत नाही, आणि लीलाचं वय तर काहीच नव्हतं.

"तिला काय इचारताया," रंभाबाई ओरडून म्हणाली. "तिच्या तोंडनं मीच बोलतीया. म्या मंतर टाकलाय तिच्यावं. मासं मीच सोडलं आन् मीच मारलं. पोर द्या तिचं तिला, न्हाई तर येकेकीला बघून घीन."

लीला तिच्याकडं बघत राहिली. तिनं काही म्हणायला तोंड उघडलं तर रंभाबाईनं तिला अशी शिवी घातली की बाकीच्या बायकांनीच लीलाला पाठीशी घातलं. कुणी तिच्यावरून मीठमोहरी उतरवली, कुणी तिच्या कपाळाला अंगारा लावला. गोजराबाईनं पोर परत तिच्याकडं दिलं. पोर तिच्या कुशीत गेलेलं रंभाबाईनं नीट बघून घेतलं.

हैबतराव पहार घेऊन आला. डोण जुन्या काळ्या दगडाची होती, लवकर फुटेना. जयसिंग दुसऱ्या बाजूनं घण घालायला लागला, तेव्हा ती बुडातून तडकली. पाणी अंगणात पसरलं. मासे चिखलात उड्या मारायला लागले आणि कोंबड्या धावत आल्या. घंगाळ कुणीतरी लाथेनं उलटं केलं. त्यात एक मादी होती, पोटाखालचा डाग काळाकुट्ट झालेली. ती कोंबडीनं उचलली. रंभाबाई हे सगळं दारातूनच बघत होती, तिनं कुणालाही अडवलं नाही.

पाणी पुजायला लीलाला मग धरणाच्या काठावर नेलं. आडावर काट्या टाकल्या आणि त्याचं पाणी घरात आणायचं नाही असं ठरलं. चंद्राबाई आणि लीला ओढ्यावरून पाणी आणायला लागल्या. काट्या रंभाबाईनं बाजूला केल्या, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बाटलेला आड बाटवणारीनं वापरला तर वापरू दे.

नथू आला तेव्हा फुटकी डोण बघून मटकन खाली बसला. काय झालं ते रंभाबाईनं सांगितलं नाही. तिनं ओंजळभर मासे मागितले. नथू म्हणाला, वाडीकडून साहेबांकडं तक्रार गेली आहे, या वाडीत आता एकही मासा सोडायचा नाही असा हुकूम आहे, माझी नोकरी जाईल. तिनं त्याच्याकडं ते दुसऱ्यांदा मागितले, आणि या वेळी शिवी न देता. तो मान खाली घालून उठला आणि निघून गेला.

चुना तळाला बसला, पाणी निवळलं, आणि त्याच्यावर पुन्हा किडे वळवळायला लागले. आता तर त्या पाण्यात दिवसातून रंभाबाईचा एखाददुसराच पोहरा पडत होता. ऊन कलल्यावर डासांचा थवा वर यायचा आणि हैबतरावाच्या ओट्याकडं जायचा. कार्तिक सरत आला होता, ताप अजून वाडीतून गेलेला नव्हता.

रंभाबाईनं बरेच दिवस बघितलं आणि मग ती रोज दुपारनंतर आडाशी बसायला लागली. पोहरा हळूच पाण्याखाली बुडवायचा आणि दोरी न हलवता थांबायचं. किडे आधी खाली पळतात, पण त्यांना हवा लागते, ते पुन्हा वर येतात. वर आले की पोहरा अलगद उचलायचा. लुगड्याचा पदर दगडावर ताणून त्याच्यावर पाणी ओतायचं. पाणी गळून जायचं, किडे पदरावर राहायचे. ते उन्हात झटकून टाकायचे आणि पोहरा पुन्हा सोडायचा. सगळे कधीच निघत नसत. उद्या तेवढेच असत. तिच्या कमरेला रग लागायची आणि तोंडानं शिव्या चालू असायच्या, त्या आता कुणाला उद्देशून आहेत हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी लीला पोराला घेऊन ओट्यावर आली. पोर अंगानं भरलं होतं, पाय झाडत होतं. लीला आडाकडं बघत उभी राहिली. रंभाबाई पदर पिळत होती, तिनं वर बघितलं नाही. तेवढ्यात चंद्राबाई घाईघाईनं बाहेर आली. थोरली जाऊ आडाशी बसून पाण्यावर काहीतरी पुटपुटतेय, पदरातून पाणी गाळून दगडावर झटकतेय, हे तिनं बघितलं. तिनं पोराच्या तोंडावर पदर ओढला, लीलाला दंडाला धरून आत नेलं आणि दाराला आतून अडसर घातला.

रंभाबाईनं पिळलेला पदर झटकला, दगडावर पुन्हा ताणून ठेवला आणि पोहरा आत सोडला.